ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडवर एक्झॉस्ट हेडरचे बोल्ट आवळताना

ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडवर एक्झॉस्ट हेडर, म्हणजे इंजिनाचा जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, बसवणे हे काम वरकरणी सोपे वाटते. दहा-बारा बोल्ट, एक गॅस्केट (सांधा हवाबंद करणारा पातळ थर) आणि योग्य मापाचा सॉकेट हाताशी असला की ते तासाभरात आटोपेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात इंजिनावरील जे जोड पुन्हा पुन्हा सैल होतात त्यांत या जोडाचा क्रम बराच वरचा आहे, आणि आटे गेल्यामुळे ज्या भोकांपायी हेड उतरवण्याची पाळी येते त्यांतही हीच भोके असतात. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुधा एकच समजूत सापडते, ती म्हणजे जितका जोर लावावा तितका बोल्ट पक्का बसतो. बोल्ट हा खरे तर फार ताठ असा स्प्रिंग आहे. त्याला ठरावीक मर्यादेपर्यंत ताणायचे आणि तो ताण तापण्या-निवण्याच्या चक्रातून टिकवायचा, एवढेच या कामाचे उद्दिष्ट असते. साफसफाई, वंगण, आवळण्याचा क्रम आणि फेरआवळणी या साऱ्या गोष्टी त्या एका ताणासाठी करायच्या असतात.

बोल्ट किती ताणला जातो

समजा, एम ८ मापाचा (८ मिलिमीटर व्यासाचा) आणि ८.८ प्रतीचा (ही मजबुतीची श्रेणी) बोल्ट कोरड्या आट्यांवर २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळला. या पिळातील (टॉर्कमधील) सुमारे निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात खर्च होतो, त्याहून थोडा कमी भाग आट्यांमधील घर्षणात जातो आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्टला ताणण्याच्या कामी येतो. तरीही त्यातून साडेपंधरा किलोन्यूटनांच्या आसपास, म्हणजे दीड टनाहून थोडा अधिक दाब जोडावर येतो. हेडरचा फ्लँज (हेडला टेकणारी जाड पट्टी), गॅस्केट आणि वॉशर मिळून पकडीतील जाडी १५ मिलिमीटर धरली, तर एवढ्या भाराखाली बोल्ट लांबतो तो अवघा ०.०३ मिलिमीटर.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. फ्लँजवर राहिलेला रंगाचा थर, जुन्या गॅस्केटचा चिकटलेला तुकडा किंवा वॉशरखालची काजळी गरम झाल्यावर तीन शतांश मिलिमीटरने जरी दबली, तरी बोल्टमधला सगळा ताण निघून जातो आणि तो हाताने फिरवता येईल इतका सैल होतो. हेडरचे बोल्ट आखूड असतात, हीच त्यांची मोठी अडचण आहे. जिथे जागा असेल तिथे डोक्याखाली पोलादी नळीचा तुकडा घालून लांब बोल्ट वापरल्यास पकडीतील लांबी दुप्पट होते, तेवढ्याच भाराखाली बोल्ट दुप्पट लांबतो आणि गॅस्केट थोडे बसले तरी ताण पुरता जात नाही. टर्बोचार्जरच्या अनेक मॅनिफोल्डवर (धूर गोळा करणाऱ्या नळ्यांवर) अशी नळकांडी कारखान्यातूनच बसवलेली असतात, ती याच कारणासाठी.

उष्णतेचा हिशेब

तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की एक मीटर लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते, साधे पोलाद सुमारे १२ आणि ३०४ प्रतीचे स्टेनलेस पोलाद सुमारे १७. यावरून हेडच जास्त वाढेल असा तर्क केला जातो, पण हेडमधून पाणी खेळत असते आणि फ्लँजला ती सोय नसते. फ्लँजची लांबी ४५० मिलिमीटर आहे, तो ३०० अंशांनी तापला आणि हेड ८० अंशांनी, असे मानले तर स्टेनलेसचा फ्लँज २.३ मिलिमीटर लांबतो आणि हेड ०.८ मिलिमीटर. मधला फरक दीड मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून प्रत्येक टोकाला पाऊण मिलिमीटर. एम ८ बोल्टसाठी ९ मिलिमीटरचे भोक पाडलेले असेल, तर बोल्ट अगदी मध्यभागी असतानाही त्याला एका बाजूला अर्धा मिलिमीटरच मोकळीक मिळते. अशा वेळी टोकाचा बोल्ट फ्लँजच्या कडेला टेकतो आणि प्रत्येक चक्रात थोडा वाकतो. टोकाचेच बोल्ट वारंवार तुटतात त्याचे हे एक ठळक कारण आहे. म्हणून फ्लँजची टोकाकडील भोके लांबीच्या दिशेने लंबगोल असावीत. ती गोल असतील तर गोल कानशीने थोडी लांबवून घ्यावीत, मात्र वॉशर पुरेसा जाड आणि भोक पूर्ण झाकणारा असावा. काही हेडरमध्ये दोन पोर्टांमधला (धूर बाहेर पडण्याच्या तोंडांमधला) फ्लँज मुद्दाम कापलेला असतो. तो दोष समजून वेल्डिंगने जोडू नये.

जाडीच्या दिशेनेही असेच घडते. तापलेला फ्लँज बोल्टपेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे गॅस्केटवर थंडीत आवळताना दिला होता त्याहून अधिक दाब येतो आणि ते कायमचे दबते. इंजिन निवले की फ्लँज मूळ जाडीवर येतो, पण दबलेले गॅस्केट परत फुगत नाही. पहिल्या तापण्यानंतर बोल्ट सैल सापडणे हे त्यामुळे स्वाभाविक आहे.

राहिले हेडमधले आटे. हेडसाठी वापरले जाणारे ओतीव ॲल्युमिनियम दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे लक्षणीयरीत्या मऊ पडते, आणि गरम असताना भोकही बोल्टच्या मानाने किंचित रुंदावलेले असते. गरम इंजिनावर बोल्ट आवळू नये असा आग्रह धरला जातो त्यामागे भाजण्याच्या भीतीइतकेच हे कारण आहे.

आवळण्यापूर्वीची तयारी

या कामातला बहुतेक वेळ तयारीत जावा. जुने बोल्ट काढायचे असतील तर इंजिन पूर्ण थंड असू द्यावे, गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच सोडावे आणि बोल्ट एकदम उलटा न फिरवता पाव फेरा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल असे करत बाहेर आणावा. मध्येच तो जड वाटू लागला तर पुन्हा तेल सोडून थांबावे. जाम झालेला बोल्ट जोराने ओढून काढला की त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमचे आटेही बाहेर येतात.

हेडच्या बसक पृष्ठभागावर फिरते खरखरीत पॅड किंवा सँडिंग डिस्क चालवू नये. त्याने पृष्ठभागावर खळगे पडतात आणि सुटलेले कण पोर्टमधून आत जाऊ शकतात. पोर्टांत स्वच्छ कापड कोंबावे, प्लास्टिकच्या खरवडणीने जुने गॅस्केट काढावे आणि राहिलेले डाग सॉल्व्हंटने पुसावेत. आटे साफ करायला नेहमीचा कापणारा टॅप वापरण्याचा मोह होतो, पण तो दर वेळी थोडे ॲल्युमिनियम कापून नेतो. त्याऐवजी आटे केवळ साफ करणारा थ्रेड चेझर हाताने फिरवावा. नंतर डोळ्यांवर गॉगल लावून दाबाच्या हवेने भोक फुंकून काढावे. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचलेले असेल तर बोल्ट आत शिरताना ते दाबले जाते, पाना खोटा पीळ दाखवतो, आणि क्वचित हेडचा तेवढा भाग तडकतोही.

आता बोल्टची लांबी. पोलादात बोल्टच्या व्यासाएवढी पकड पुरते, परंतु ॲल्युमिनियममध्ये ती व्यासाच्या दुप्पट असावी, म्हणजे एम ८ साठी १६ मिलिमीटर. भोकच उथळ असेल तर निदान १२ मिलिमीटर तरी मिळावेत. दुसरीकडे, बोल्ट वाजवीपेक्षा लांब असेल तर तो फ्लँज दाबण्याआधीच भोकाच्या तळाला टेकतो, टॉर्क रेंच (पीळ मोजणारा पाना) क्लिक करतो आणि फ्लँज मात्र मोकळाच राहतो. हे पडताळण्याची रीत सोपी आहे. हेडर न लावता बोल्ट हाताने तळापर्यंत फिरवावा आणि त्याच्या डोक्याखालची बाजू व हेडचा पृष्ठभाग यांतले अंतर व्हर्नियरने मोजावे. फ्लँज, गॅस्केट आणि वॉशर यांची एकत्रित जाडी या अंतरापेक्षा किमान २ मिलिमीटरने जास्त भरली पाहिजे. प्रत्येक भोकासाठी हे मोजमाप घ्यावे, कारण एकाच हेडमधली सगळी भोके सारख्या खोलीची असतीलच असे नाही. काही इंजिनांत यांतली काही भोके पाण्याच्या जागेपर्यंत आरपार गेलेली असतात. तिथे आट्यांना उष्णता सोसणारे सीलंट लावावेच लागते.

फ्लँज सपाट आहे का हे स्टीलची सरळ धार आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) घेऊन पाहावे. बहुपदरी पोलादी गॅस्केट वापरायचे असेल तर ०.१ मिलिमीटरची पाती कुठेही जाता कामा नये असे माझे मत आहे. ग्राफाइटच्या किंवा जाड संमिश्र गॅस्केटला याहून थोडी अधिक सूट चालते. पोर्टच्या आतील वेल्डिंगचा उंचवटा गॅस्केटच्या बाजूला डोकावत असेल तर तो कानशीने उतरवावा. त्यानंतर गॅस्केट न घालता हेडर जागेवर धरून पाहावे. सगळे बोल्ट बोटांनी सहज शिरले पाहिजेत. पाइप ओढून-ताणून भोकांवर आणावे लागत असतील, तर बोल्टचा ताण गॅस्केट दाबण्याऐवजी पाइप वाकवण्यात जाईल. म्हणून पुढचा पाइप, सायलेन्सरचे लटकण आणि आधाराचे ब्रॅकेट सैल ठेवूनच हेडर हेडवर आवळावे आणि ते सगळे नंतर घट्ट करावे.

एखाद्या भोकाचे आटे आधीच गेलेले आढळले तर बोल्टला टेप गुंडाळणे किंवा इपॉक्सी भरणे हे उपाय या तापमानाला टिकत नाहीत. तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) किंवा भक्कम बुशसारखा इन्सर्ट बसवावा. एम ८ × १.२५ हेलिकॉइलसाठी साधारण ८.३ मिलिमीटरचे ड्रिल लागते, त्यानंतर हेलिकॉइलचाच खास टॅप चालवायचा आणि गुंडाळी पृष्ठभागाच्या खाली अर्धा आटा जाईपर्यंत आत फिरवायची. ड्रिल काटकोनात धरणे हे यातले सर्वांत नाजूक काम आहे. शक्य असेल तिथे जाड पट्टीत भोक पाडून केलेला मार्गदर्शक ठोकळा जवळच्या बोल्टने बांधून घ्यावा. नीट बसवलेल्या इन्सर्टचे आटे मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत ठरतात.

वंगण आणि बोल्टचा धातू

येथे आकड्यांची गल्लत सर्वांत जास्त होते. वर दिलेला साडेपंधरा किलोन्यूटनांचा हिशेब कोरड्या आट्यांचा आहे, ज्यात पीळ आणि ताण यांना जोडणारा घर्षणगुणक ०.२ धरला आहे. त्याच बोल्टला अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावले की हा गुणक ०.१३ पर्यंत उतरू शकतो. मग तेच २५ न्यूटन-मीटर लावल्यावर बोल्टमध्ये २४ किलोन्यूटन ताण येतो, आणि ८.८ प्रतीच्या एम ८ बोल्टची कायमचे लांबण्यापूर्वीची सुरक्षित मर्यादा सुमारे २१ किलोन्यूटन आहे. अशा वेळी एकतर बोल्ट कायमचा लांबतो, नाहीतर हेडमधले आटे ओरबाडून निघतात. कोरड्या अवस्थेत मिळणारा ताण अँटीसीझ लावून हवा असेल तर १६ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात. त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, हे आधी पाहावे. वंगणाच्या डब्यावर घर्षणाचा गुणक छापलेला असेल तर त्यावरून हिशेब करावा.

अँटीसीझ निवडताना निकेलचे घ्यावे. तांबेयुक्त अँटीसीझ उष्णता चांगली सोसते, पण ओलावा असताना तांबे आणि ॲल्युमिनियम यांचा संपर्क ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. ते आट्यांवर पातळ लावावे आणि डोक्याखाली लावायचे की नाही हे एकदा ठरवून सर्व बोल्टांवर तसेच करावे, कारण निम्मा पीळ तिथल्याच घर्षणात जातो.

स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट दिसायला छान असतात, परंतु ए२-७० प्रतीच्या स्टेनलेसची कायम लांबण्याची मर्यादा ४५० मेगापास्कल आहे आणि ८.८ प्रतीची ६४०. वरच्या उदाहरणातील साडेपंधरा किलोन्यूटनांत बोल्टवर ४२५ मेगापास्कलांचा ताण येतो, म्हणजे स्टेनलेसचा बोल्ट आधीच काठावर पोचलेला असतो. शिवाय स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवला तर दोन्ही एकमेकांना चिकटून जाम होतात.

हेडर वारंवार काढावे लागणार असेल तर बोल्टऐवजी स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला, डोके नसलेला दांडा) लावणे मला अधिक योग्य वाटते. स्टड एकदा ॲल्युमिनियममध्ये बसला की पुढची सगळी झीज पोलादी आटे आणि नट यांच्यात होते. स्टड हाताने फिरवून हलकेच बसवावा, तळाशी जोराने दाबू नये.

प्रत्यक्ष आवळणी

अंतिम पिळाचा आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. ढोबळ अंदाज म्हणून सांगायचे तर ॲल्युमिनियमच्या हेडवर एम ६ साठी ८ ते १०, एम ८ साठी १८ ते २५ आणि एम १० साठी ३५ ते ४५ न्यूटन-मीटर असे आकडे सर्वसाधारणपणे आढळतात. जनरल मोटर्सच्या एलएस१ इंजिनाच्या ॲल्युमिनियम हेडवर मॅनिफोल्डचे बोल्ट पहिल्या फेरीत १५ आणि दुसऱ्या फेरीत २५ न्यूटन-मीटरला, मधल्या दोन बोल्टांपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने आवळायला सांगितले आहे.

सर्व बोल्ट प्रथम बोटांनी निम्म्याहून अधिक आत जाईपर्यंत फिरवावेत. एखादा बोल्ट बोटांनी जात नसेल तर तो आडवा शिरतो आहे असे समजून बाहेर काढावा. ॲल्युमिनियममध्ये आडवा शिरलेला पोलादी बोल्ट स्वतःला काही न होऊ देता नवे आटे कापत जातो. बोल्ट आधी किंचित उलटा फिरवून आटा जागेवर आल्याचा सूक्ष्म धक्का बोटांना जाणवू द्यावा आणि मगच सुलटा फिरवावा. त्यानंतर फ्लँज टेकेपर्यंत साधा पाना, मग अंतिम पिळाच्या सुमारे ४० टक्के, मग ७० टक्के आणि शेवटी पूर्ण, अशा फेऱ्या कराव्यात. प्रत्येक फेरीत मध्यापासून सुरुवात करून आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे बाहेर सरकावे. टोकाचे बोल्ट आधी आवळले तर फ्लँज मध्ये कमानीसारखा उचलला जातो आणि तो बाक नंतर सहजी निघत नाही. पूर्ण पिळाची फेरी झाल्यावर त्याच क्रमाने आणखी एक फेरी करावी, कारण शेजारचा बोल्ट आवळल्यावर आधीचा थोडा सैल झालेला असतो. इम्पॅक्ट गनला या कामात अजिबात जागा नाही.

टॉर्क रेंच त्या आकड्याला साजेसा असावा. ४० ते २०० न्यूटन-मीटरच्या रेंचने २५ मोजता येत नाहीत. ५ ते ५० किंवा तत्सम मर्यादेचा रेंच घ्यावा. तो मुठीच्या मध्यावर धरून संथपणे ओढावा आणि पहिल्या क्लिकला थांबावे. खात्रीसाठी दुसऱ्यांदा क्लिक करण्याची सवय अनेकांना असते, पण त्याने बोल्ट दर वेळी थोडा पुढे सरकतो.

हेडरच्या नळ्यांमुळे काही बोल्टांपर्यंत सॉकेट पोचत नाही आणि क्रोफूट पाना (रेंचच्या टोकाला बसवायचे उघड्या तोंडाच्या पान्याचे डोके) जोडावा लागतो. तो रेंचशी काटकोनात लावला तर आकडा बदलावा लागत नाही. सरळ रेषेत पुढे लावला तर मात्र बदलावा लागतो. रेंचची मुठीपासून सॉकेट बसणाऱ्या चौकोनापर्यंतची लांबी ३०० मिलिमीटर आणि क्रोफूटची वाढीव लांबी ५० मिलिमीटर असेल, तर बोल्टवर २५ न्यूटन-मीटर येण्यासाठी रेंच २५ × ३०० ÷ ३५० म्हणजे सुमारे २१.५ वर लावावा.

लॉकिंग नट (आपोआप सैल न होणारे) वापरले असतील तर नट मोकळा फिरतानाच काही पीळ खातो. तो मोजून अंतिम आकड्यात मिळवावा. थ्रेडलॉक (आटे चिकटवणारा द्रव) लावायचे असेल तर साध्या प्रकाराची मर्यादा सुमारे १५० अंश आणि उष्णतारोधक प्रकाराची सुमारे २३० अंश असते हे ध्यानात ठेवावे. ज्या जोडाची फेरआवळणी करायची आहे तिथे थ्रेडलॉक लावू नये, कारण एकदा घट्ट झालेला थर पुन्हा फिरवताच तुटतो. पाचरीच्या दातांचे दुहेरी वॉशर किंवा डोक्याला अडवणारी पत्र्याची कुलपे तिथे बरी पडतात. मात्र अशी कुलपे बोल्टला फिरू देत नाहीत एवढेच. गॅस्केट दबून गेलेला ताण ती परत आणू शकत नाहीत.

फेरआवळणी आणि गळतीची तपासणी

इंजिन सुरू करून चालू तापमानाला येईपर्यंत मोकळे चालवावे, बंद करावे आणि रात्रभर निवू द्यावे. सकाळी त्याच क्रमाने, त्याच पिळाला सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. संमिश्र किंवा ग्राफाइटचे गॅस्केट असेल तर बहुतेक बोल्ट थोडे फिरतील. बहुपदरी पोलादी गॅस्केटवर हे प्रमाण बरेच कमी असते. थोड्या वापरानंतर आणखी एकदा थंड अवस्थेत तपासणी करावी आणि बोल्ट जागचे हलेनासे झाले की थांबावे. थांबलेल्या बोल्टला हलवायला लागणारे घर्षण फिरत्या बोल्टपेक्षा जास्त असते, त्यामुळे न हलता झालेली क्लिक म्हणजे ताण पूर्ण असल्याची हमी नव्हे. शंका आली तर एका वेळी एकच बोल्ट अष्टमांश फेरा सैल करून पुन्हा पूर्ण पिळाला आणावा.

गळती शोधायची उत्तम वेळ थंड इंजिन सुरू करतानाची असते. टिकटिक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो, कारण फुगलेला फ्लँज फट झाकतो. इंजिन बंद असताना सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरची थंड हवा सोडून फ्लँजभोवती साबणाचे पाणी शिंपडले की बुडबुडे जागा दाखवतात. फ्लँजच्या कडेने हेडवर उमटलेली काजळीची बारीक रेघही तेच सांगते. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजिनात ही गळती बाहेरची हवा आत ओढते, सेन्सरला मिश्रण पातळ भासते आणि इंजिन नाहक जास्त पेट्रोल सोडू लागते.

फेरआवळणीनंतरही एकच बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर त्याचा पीळ वाढवू नये. तो काढून त्याची लांबी नव्या बोल्टशेजारी ठेवून पाहावी. तो लांबलेला असेल तर बदलावा. नसेल तर त्या बाजूच्या पाइपाला खालून आधार आहे का, इंजिनाचे माउंटिंग रबर फाटून इंजिन हलते आहे का, फ्लँजचे भोक बोल्टला टेकले आहे का आणि वॉशर फ्लँजच्या वेल्डवर तिरपा बसतो आहे का, हे याच क्रमाने तपासावे.